‘क्लास ए’ म्हणजे पहिला वर्ग नव्हे

घरात संगीत ऐकण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघालेल्या माणसाच्या कानावर चार नावे हमखास पडतात: व्हॉल्व्हचा, क्लास ए, क्लास एबी आणि क्लास डी. विक्रेता, माहितीपत्रक आणि जाणकार स्नेही हे तिघेही ती नावे अशा स्वरात उच्चारतात, की ऐकणाऱ्याला ती गुणवत्ता यादीच वाटावी. ए पहिला, एबी दुसरा, डी काठावर पास. आणि व्हॉल्व्ह म्हणजे तर यादीच्याही वरचा, देव्हाऱ्यात ठेवण्याजोगा! शाळेत ‘अ’ तुकडी म्हणजे हुशार मुलांची, असा समज पालकांत कसा पसरतो हे शिक्षकांना सांगायला नको. तुकडीचे अक्षर ही केवळ मांडणीची सोय असते. ते गुणपत्रकावरच्या श्रेणीसारखे वाचले गेले की घोटाळा होतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे, आणि अशा तुलना लिहिणाऱ्यांवर आमचा पहिला आक्षेप हाच आहे.

दुसरा आक्षेप पाठ्यपुस्तकांवर. पदवीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांत क्लास ए ची कमाल कार्यक्षमता २५ टक्के (ट्रान्सफॉर्मर जोडल्यास ५० टक्के) आणि क्लास बी ची ७८.५ टक्के, हे आकडे व्यवस्थित सिद्ध करून दाखवलेले असतात. मग ‘क्लास ए मध्ये विरूपण सर्वांत कमी’ असे एक वाक्य येते आणि धडा संपतो. ते वाक्य कोणत्या परिस्थितीत खरे, किती प्रमाणात खरे आणि कानाला त्याचे काय, हे कोणी विचारत नाही. विद्यार्थी वाक्य पाठ करतो आणि पुढे मोठा झाल्यावर त्याच वाक्यापायी दुकानात पैसे मोजतो.

या अक्षरांचा मूळ अर्थ साधा आहे. लाकडाच्या वखारीत दोघांनी मिळून ओढायची मोठी करवत आपण पाहिली असेल. एकाने ओढायची, मग दुसऱ्याने. प्रत्येक जण अर्धा वेळ काम करतो, अर्धा वेळ विसावा घेतो. हा झाला क्लास बी: तरंगाचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. क्लास ए मध्ये कामगार विसावा घेतच नाही. संदेश असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून प्रवाह संपूर्ण आवर्तनभर वाहतच राहतो. एबी मध्ये पहिल्याने हात सैल करण्याआधीच दुसऱ्याने ओढायला सुरुवात केलेली असते, त्यामुळे करवत मध्येच अडकत नाही. क्लास सी मध्ये प्रवाह अर्ध्या आवर्तनापेक्षाही कमी वेळ वाहतो. रेडिओच्या प्रक्षेपकात त्याचा उपयोग होतो, पण गाणे ऐकण्यासाठी तो अगदीच निरुपयोगी. ही अक्षरे खरोखर श्रेणी असत्या, तर सी हा डी च्या वर असायला हवा होता! आणि डी म्हणजे ‘डिजिटल’ नव्हे. सी पर्यंतची अक्षरे संपली होती म्हणून पुढचे घेतले, एवढेच.

आता क्लास ए ला एवढा मान कशामुळे मिळाला ते पाहू. तो फुकट मिळालेला नाही. ट्रान्झिस्टरला वाहू लागण्यासाठी पायाशी सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. दोन ट्रान्झिस्टरांची जोडी नुसती बी पद्धतीने जोडली, तर एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना, म्हणजे तरंग शून्यावरून जाताना, दोघेही क्षणभर गप्प असतात. तरंगाला तिथे खाच पडते. खाचेची रुंदी व्होल्टेजच्या हिशेबात ठरलेली असल्यामुळे आवाज जितका हळू, तितके खाचेचे प्रमाण जास्त. मोठ्या आवाजातली ढोल-ताशांची ध्वनिफीत निभावून जाईल. पण विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला एकटाच तानपुरा वाजत असेल, तर त्याच्या विरत जाणाऱ्या नादाला खरखरीची किनार लागते.

शिवाय या विरूपणाची जातही वाईट. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून जे संनादी निघतात त्यांतला दुसरा म्हणजे वरचा षड्ज, तिसरा त्यावरचा पंचम, पाचवा म्हणजे दोन सप्तके वरचा गंधार. ही सगळी घरचीच माणसे. अ‍ॅम्प्लिफायरने यांत थोडी भर घातली तर कान कुरकुर करत नाही. शून्यावरची खाच मात्र सातवा, नववा, अकरावा असे वरचे विषम संनादी भरभरून निर्माण करते. सातवा कोमल निषादाच्या जरा खाली पडतो, अकरावा तर कुठल्याच स्वरावर नीट बसत नाही. १९६० च्या दशकातल्या कित्येक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरांना हा दोष होता. व्हॉल्व्हच्या आवाजावर वाढलेल्या श्रोत्यांनी ‘ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा’ अशी तक्रार केली, ती कानाचा भ्रम म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती.

या तक्रारीला इंग्लंडच्या जॉन लिन्सली हूड यांनी उत्तर दिले. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या एप्रिल १९६९ च्या अंकात त्यांनी १० वॉटच्या साध्या क्लास ए अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. एका चॅनेलला ट्रान्झिस्टर फक्त चार. खाच नाही, कारण कामाची अदलाबदलच नाही. आजही हौशी मंडळी तो मंडल जोडतात, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्याने तो एकदा जोडून पाहावा असे आम्हालाही वाटते. पण त्याची किंमत बघा. ८ ओहमच्या स्पीकरसाठी त्याला २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर सतत द्यावे लागतात. म्हणजे एका चॅनेलला ३२ वॉट, डाव्या-उजव्याचे मिळून सुमारे ६५ वॉट. गाणे चालू असो की नसो! रोज चार तास चालवल्यास वर्षाला सुमारे ९५ युनिट वीज, आणि तिचा जवळजवळ सगळा भाग खोली तापवण्यात खर्च. इंग्लंडच्या थंडीत तो गुण ठरेलही. मे महिन्यातल्या चिपळुणात किंवा चंद्रपुरात नाही.

क्लास ए ने सोडवलेला प्रश्न दुसऱ्या दोन उपायांनी जवळपास मिटला, हे तुलना लिहिणारे सहसा सांगत नाहीत. पहिला उपाय एबी चा: दोन्ही ट्रान्झिस्टरांतून शांत स्थितीतही थोडा प्रवाह चालू ठेवायचा. समजा तो ५० मिलिअँपिअर आहे. मग स्पीकरला जाणारा प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या शिखरापर्यंत पोचेतो दोघेही काम करत असतात. म्हणजे तोवर हा अ‍ॅम्प्लिफायर क्लास ए च असतो. ८ ओहमला ही शक्ती फक्त ४० मिलिवॉट भरते. थोडी वाटते ना? पण १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबेल देणारा साधारण घरगुती स्पीकर या ४० मिलिवॉटना ७४ डेसिबेल देतो, आणि तो आवाज बोलण्याच्या आवाजापेक्षा मोठाच. रात्री हळू आवाजात ऐकणारा एबी चा मालक बराच वेळ क्लास ए च ऐकत असतो. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते, एवढेच.

दुसरा उपाय निगेटिव्ह फीडबॅकचा. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेचे हॅरॉल्ड ब्लॅक कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत बसले होते. कल्पना सुचली तेव्हा हाताशी होते ते वर्तमानपत्र, त्यावरच त्यांनी ती मांडली. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून आत द्यायचा. मग वर्धन घटते आणि त्याच पटीने अ‍ॅम्प्लिफायरने स्वतः घुसवलेले विरूपणही घटते. वर्धन शंभर पट कमी केले, तर ५ टक्क्यांचे विरूपण ०.०५ टक्क्यांवर येते. यात एक मेख मात्र आहे. ज्या क्षणी दोन्ही ट्रान्झिस्टर गप्प, त्या क्षणी वर्धनच नसते, आणि वर्धन नसेल तर फीडबॅकला कामाला भांडवलच उरत नाही. म्हणून नुसत्या बी ला फीडबॅक पुरत नाही; एबी चा थोडा प्रवाह आणि भरपूर फीडबॅक अशी जोडी लागते. ही जोडी जमवण्याचे तंत्र १९७० च्या दशकात पक्के झाले. अक्षराची प्रतिष्ठा मात्र तशीच राहिली.

ऐकणाऱ्यांना याचा फरक कळतो का? या प्रश्नावरची एक चाचणी आम्हाला विशेष मोलाची वाटते. क्वाड या इंग्रज कंपनीने तीन पिढ्यांचे तीन अ‍ॅम्प्लिफायर बनवले होते: १९५३ चा व्हॉल्व्हचा ‘क्वाड दोन’, १९६७ चा ट्रान्झिस्टरचा ‘३०३’ आणि १९७५ चा ‘४०५’. शेवटच्यात एक छोटा, नेमका अ‍ॅम्प्लिफायर देखरेख करतो आणि मोठे ट्रान्झिस्टर नुसते वजन उचलतात, अशी वेगळीच युक्ती होती. जेम्स मॉयर यांनी हे तिन्ही झाकून, आवाज सारखा करून जाणकार श्रोत्यांपुढे ठेवले आणि निष्कर्ष जुलै १९७८ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये मांडले. अंदाजाने सांगण्यापेक्षा अधिक अचूकपणे हे अ‍ॅम्प्लिफायर कोणाला वेगळे ओळखता आले नाहीत. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने सहा अ‍ॅम्प्लिफायरांवर अशीच चाचणी छापली. स्वस्तातला सुमारे २२० डॉलरचा, महागातला १२,००० डॉलरचा. उत्तरे साधारण निम्मी बरोबर. नाणे उडवूनही तेवढीच आली असती.

या चाचण्यांवर टीका झाली, आणि तिच्यातला काही भाग रास्त आहे. पहिली चाचणी क्वाडच्याच पुढाकाराने झाली होती. शिवाय फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच, असे सिद्ध होत नाही; वेगळा स्पीकर, वेगळे संगीत, वेगळे श्रोते घेतले तर सापडेलही. पण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? बारा हजार डॉलर मागणाऱ्याची, असे आमचे मत आहे. गेल्या चाळीस वर्षांत त्याने ती कितपत पार पाडली हे वाचकांनीच ठरवावे.

‘सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच’ असे म्हणणाऱ्यांशीही मात्र आम्ही सहमत नाही. फीडबॅक नसलेल्या किंवा अगदी थोड्या असलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज खरोखर वेगळा येऊ शकतो, आणि त्याचे कारण बारावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल असे आहे. ते कारण म्हणजे घटाचा अंतर्गत रोध. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेले असले, तरी त्याचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. कुठे ४ ओहम, तर खर्जातल्या अनुनादाशी ३० ओहम. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध २ ओहम असेल, तर ३० ओहमच्या ठिकाणी व्होल्टेजचा ३०/३२, म्हणजे ९४ टक्के भाग स्पीकरला मिळतो आणि ४ ओहमच्या ठिकाणी ४/६, म्हणजे ६७ टक्के. दोन्हींतला फरक सुमारे ३ डेसिबेल, आणि तो कोणालाही ऐकू येईल. खर्ज थोडा भरदार होतो, मधला भाग मागे सरतो. श्रोता म्हणतो, ‘काय ऊब आहे आवाजात!’ अंतर्गत रोध ०.१ ओहम असलेल्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच फरक ०.२ डेसिबेलच्या आत राहतो. ऊब आहे ती या भागाकारात. काचेच्या लालसर उजेडाने ती मनात आणखी वाढते, ते वेगळे.

अमेरिकेतले बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये हेच करून दाखवले. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या समीक्षकांपुढे त्यांनी पैज लावली, की तुमच्या आवडीच्या महाग अ‍ॅम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. समीक्षकांनी व्हॉल्व्हचा एक किमती अ‍ॅम्प्लिफायर निवडला. कार्व्हरांनी दोन्हींचे संदेश एकमेकांतून वजा करून बाकी किती उरते ते मोजले, आणि ती बाकी कमी कमी होत जाईल असे आपल्या मंडलात बदल केले. दोन दिवसांनी समीक्षकांना फरक ओळखता येईना. ज्याला व्हॉल्व्हचा आत्मा म्हटले जात होते, तो मोजता येत होता आणि काही रुपयांच्या घटकांत बसत होता. ज्याला तो आवाज आवडतो त्याने तो जरूर ऐकावा; आवडीला आमचा विरोध नाही. पण ती मूळ ध्वनिमुद्रणात घातलेली भर आहे, मूळ मुद्रणाशी इमान नव्हे. घरी आणि शाळेत आणखी एक ध्यानात ठेवायचे: या पेट्यांत ३००-४०० व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही संधारित्रात ते काही काळ राहतात.

क्लास डी वर अन्याय उलट दिशेने झाला. तत्त्व सोपे आहे. पंख्याचा जुना तारेचा रेग्युलेटर तापायचा, कारण प्रवाह आणि व्होल्टेज दोन्ही एकाच वेळी त्याच्या वाट्याला येत. पूर्ण चालू असलेल्या कळीवर व्होल्टेज नसते, पूर्ण बंद कळीतून प्रवाह नसतो. दोन्ही स्थितींत उष्णता जवळजवळ शून्य. मग ट्रान्झिस्टरला कळीसारखेच वापरायचे, सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करायचे, आणि संदेश मोठा असेल तेव्हा ‘चालू’चा काळ लांबवायचा. शेवटी वेटोळे आणि संधारित्र यांची चाळणी लावली, की लाखांचा थरथराट गळून खालचे संगीत उरते. कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत जाते. १९६४ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी ‘एक्स-१०’ या नावाने असा अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला. त्या काळचे ट्रान्झिस्टर त्या वेगाला पुरे पडत नव्हते. जाहीर केलेली शक्ती मिळेना आणि शेजारच्या रेडिओत गोंगाट मात्र होई. डी ची बदनामी तेव्हापासूनची. पुढे वेगवान मॉसफेट आले, आणि या शतकाच्या सुरुवातीला फिलिप्समध्ये असलेल्या ब्रूनो पुत्झेस यांच्यासारख्यांनी चाळणीच्या पुढून फीडबॅक घेण्याच्या रचना रूढ केल्या. तसे केले की चाळणीचे दोषही फीडबॅकच्या कक्षेत येतात. चांगल्या क्लास डी चे विरूपण आज चांगल्या एबी च्या बरोबरीचे किंवा कमीही असते. वाईट क्लास डी ही पुष्कळ असतात, पण तो दोष त्या अक्षराचा नव्हे.

वॉटच्या आकड्यांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिथे फसवणूक सरळ होते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे छोट्या टेपरेकॉर्डरवरही ‘पीएमपीओ’ म्हणून शेकडो, कधी हजार वॉट छापलेले असत, आणि मागच्या पट्टीवर विजेचा खप १५-२० वॉट. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण! अमेरिकेत १९७४ मध्येच संघराज्य व्यापार आयोगाने सतत देता येणारी शक्ती, विरूपणाच्या टक्केवारीसह, जाहीर करणे बंधनकारक केले; २०२४ मध्ये तो नियम आणखी घट्ट झाला. घरच्या खोलीत सरासरी एक वॉटसुद्धा पुष्कळ असतो. तबल्याच्या थापेचे शिखर सरासरीच्या १५ डेसिबेल वर गेले तर क्षणापुरते ३० पट, म्हणजे ३० वॉट लागतील. ५० वॉटचा सोडून १०० वॉटचा घेतला, तर वाढ फक्त ३ डेसिबेल. तेच पैसे स्पीकरवर घालावेत. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचे विरूपण टक्क्याच्या शतांशात मोजतात, स्पीकरचे खर्जात पूर्ण टक्क्यांत.

ज्यांना हे स्वतः तपासायचे आहे त्यांच्यासाठी एक कृती. दोन अ‍ॅम्प्लिफायर, एकच स्पीकर, आणि दोन्ही तारा बदलणारी एक कळ. त्यातही आधीचा पूर्ण सुटल्यावरच पुढचा जोडला जाईल अशी, नाहीतर एकाचा प्रवाह दुसऱ्यात शिरेल. प्रथम १००० हर्ट्‌झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज सारखे करावे, शंभरात एकापेक्षा जास्त फरक नको. (एसी व्होल्टेज १००० हर्ट्‌झवरही बरोबर दाखवणारा मीटर लागेल, साधे स्वस्त मीटर ५० हर्ट्‌झपुरतेच भरवशाचे असतात.) ही पायरी गाळली तर सगळी चाचणी वाया जाते, कारण अर्ध्या डेसिबेलने मोठा असलेला आवाज ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानातल्या कित्येक तुलना इथेच जिंकल्या जातात. मग एका विद्यार्थ्याने पडद्याआड नाणे उडवून कळ फिरवायची, श्रोत्याने कागदावर उत्तर लिहायचे, असे दहा वेळा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११. पास्कलच्या त्रिकोणाच्या दहाव्या ओळीतून वर्गाला ती काढून दाखवता येईल. तीस विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर आठ गुण मिळवणारे एक-दोघे निव्वळ योगायोगाने निघतील. त्यांना त्याच दिवशी पुन्हा दहा वेळा बसवावे.